वजन पडल्यावर

गाडी दिसायच्या आधी मला ऐकू आली.
बोरी अरब फाट्यावरचा गतिरोधक
तिनं दोनदा ओलांडला:
एकदा चाकांनी, एकदा पोटातल्या लोखंडानं.
खट्.
आणि मग जरा मागं राहिलेलं दुसरं खट्.

जुनी पालिओ, सोळाशेची. कधीकाळी लाल,
आता वाळल्या बोराच्या रंगाची.
खाली उतरल्या लांजेवार मॅडम, गुरांच्या डॉक्टर,
बुटाला शेण, काखेत पुण्याहून आलेलं खोकं.
"ऐंशीच्या पुढं ही आपल्या मनानं डावीकडं जाते
अन् ब्रेक मारला की उजवीकडं."
मी म्हटलं, बैल असा चालला तर काय पाहता तुम्ही?
"खूर."
मग इथंबी तेच.

चाकं काढली. आर्मखाली टॉमी घालून दाबली
तर रबर फाटत गेलं, आतपर्यंत कोरडं,
मधली नळी एका कडेला जाऊन बसलेली.
प्रज्योतनं विचारलं, हे करते काय, काका?
लोखंड अन् लोखंडाच्या मधात बसते.
बस? बस.
फिरत नाही, घसरत नाही, जागच्या जागी पिळ खाते
अन् पुन्हा सरळ होते. लाख खेपा.
मग एका दिवशी होत नाही.

माझ्याकडं प्रेस नाही. व्हाइस आहे, वाकडा,
ट्रॅक्टरच्या हबचा एक पाना आहे, साबणाचं पाणी आहे.
जुनं रबर जाळून काढलं; तो वास
रात्री जेवतानाही हाताला होता.
नवे चार बुश हनीफच्या कुल्फीच्या फ्रीजरात,
मलई अन् पिस्त्याच्या मधात, रातभर.
सकाळी ते आकसलेले, पांढरे,
व्हाइसच्या तीन वेढ्यांत आत गेले.
हनीफ म्हणाला, एक कुल्फी तेलकट लागली गिऱ्हाइकाला.
त्याचे दहा रुपये बिलात लावले नाहीत.

प्रज्योतनं लगेच बोल्टावर पाना चढवला.
थांब म्हटलं.
गाडी हवेत आहे. पाय लोंबते आहेत.
असंच आवळलं तर रबराला वाटेल
हेच आपलं सरळ.
मग खाली उतरल्यावर जन्मभर पिळलेलं.
हे मला कोणी शिकवलं नाही.
उकंडराव इंगोलेच्या काळीपिवळीचे मी असेच आवळले होते,
पोळ्याला टाकले, दिवाळीला फाटले.
भांडला नाही तो. चार चिंधड्या बुश
माझ्या टेबलावर ठेवले, प्रसाद ठेवतात तसे,
अन् दारव्ह्याच्या गॅरेजला जाऊ लागला.

म्हणून गाडी चाकांवर घेतली, खड्ड्यावर आणली.
मॅडम, बसा सीटवर. काही करू नका, नुसत्या बसा.
त्या बसल्या तोच फोन आला,
लाडखेडची कोणाची म्हैस, काल रात्रीपासून अडलेली.
मी खाली पाठ टेकलेला, डोळ्यांत गंज,
वरून पत्र्यातून आवाज येतो आहे:
"हात घातला? पाय लागतात का दोन्ही?
नाही, ओढू नको. ओढू नको म्हणते ना.
तिला कळ येऊ दे.
आली की मग, तिच्यासंगं."
मी पाना धरून होतो.
का कोण जाणे, मीही थांबलो.
"आता," वरून आवाज आला,
अन् मी दांडीला जोर दिला.

फाट्यावरून गाडी नेली तेव्हा मी बाजूला बसलो होतो.
गतिरोधक आला.
गेला.
मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मी रस्त्याकडं.
ऐंशी. नव्वद. स्टेअरिंगवर त्यांची दोनच बोटं,
दोन्हीकडं तुरीच्या उभ्या पऱ्हाट्या सरळ मागं जाणाऱ्या.
मग हळूच, डॅशबोर्डात कुठंतरी, किर्र.
"हे काय नवीन?"
नवीन नाही, म्हटलं. आधीपासूनच असेल.
त्या खट्-खट्खाली ऐकू येत नव्हतं.
पुन्हा फोन वाजला. वगार झाली होती, जिवंत.
मॅडमनी गिअर खाली टाकला
अन् लाडखेडच्या वळणाला ब्रेक मारलाच नाही.

परत यायला मला एसटी मिळाली, सव्वा तासानं.